बांधलेली पवनचक्की

लाइट गेली होती. सासऱ्यांचं श्वासाचं मशीन बॅटरीवर चाललं होतं आणि बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ढगांमुळे गच्चीवरचं सोलर आठवडाभर नुसतं शोभेला होतं. पण समुद्रावरून वारा भणाणत होता, मग आमची पवनचक्की गप्प का?

सुरी घेऊनच गच्चीवर धावले, कारण या घरात कधी काय बांधून ठेवतील याचा मला भरवसा नाही. पाती दोरखंडाने खांबाला करकचून बांधलेली!

"वाऱ्याने मोडेल म्हणून बाबांनीच बांधायला लावली," मागून नवरा म्हणाला. "केवढी महाग आहे, माहितीये ना?"

"आणि बाबा स्वस्तात आलेत?"

मी दोर कापला. पातं कानाजवळून सूंकन गेलं.

खाली पळाले. लाल दिवा विझून हिरवा लागला होता. सासरे मास्क बाजूला करून, धापा टाकत खेकसले, "चक्की कोणी सोडली?"