पिंगळीच्या विहिरीचं पाणी

माणिकरावांची मोटार तापायची ती पिंगळीतच. परभणीहून शेतावर निघाली की स्टेशनाच्या अलीकडे, दैवशालेच्या कडुनिंबाखाली ती वाफ सोडायची. मग माणिकराव उतरायचे, दैवशाला विहिरीचं पाणी शेंदून द्यायची आणि इंजिन निवेपर्यंत हे तिच्या बाजेवर टेकायचे. पोलीस ॲक्शननंतर गाव सोडून जाणाऱ्या एका जहागीरदारानं विकलेली ही मोटार. पहिल्या वर्षी त्यांच्या बायकोला, नर्मदाबाईंना तिचा कोण अभिमान! दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा आवाज आला की त्या आधी घड्याळाकडं बघायच्या.

दैवशालेला त्यांनी एकदाच पाहिलं होतं. नवरा हैदराबादेत गिरणीत, ही इथं एकटी. सावळी, उंच; भरली घागर कमरेवर घेतानासुद्धा तिला घाई नव्हती.

"तिच्या विहिरीचं पाणी म्हंजे अमृत," माणिकराव जेवताना म्हणायचे. "आसं गोड पाणी परभणीत न्हाई."

नर्मदाबाई घरच्या आडाच्या पाण्याचा तांब्या पुढं सरकवायच्या. जेवण उरकलं तरी तो भरलेलाच असायचा.

मोटार खरंच तापते की तापल्याचं नाव होतं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. बन्सीधर मिस्त्रीला विचारून पाहिलं. पण तो माणिकरावांच्याच डब्यातलं पान खाणारा. "वहिनी, जुनी गाडी हाय, जागा बघून तापते," म्हणाला आणि दात काढून हसला. त्या हसण्यानं नर्मदाबाई आठ दिवस धुमसत होत्या.

उपाय सांगितला भांडी घासणाऱ्या कडूबाईनं.

"सेलूच्या जिनिंगातला लिंबाजी मिस्त्री बोलवा, आक्का. शेठ म्हणला, इंजिन लय तेल खायलंय. ह्यो तोंडावर म्हणला, इंजिन न्हाई, तुमचा मेव्हणा खायलाय."

"मग गेली आसंल नोकरी."

"गेली की. मेव्हण्याची."

नर्मदाबाईंना असाच माणूस हवा होता.

रविवारी सकाळच्या गाडीनं लिंबाजी आला. माणिकराव चिडले. "कामून? बन्सीधर काय मेलाय?"

"दोघांनी बघितलं म्हणून काय बिघडतंय?" नर्मदाबाई म्हणाल्या.

लिंबाजीनं हँडल मारून मोटार चालू केली. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. मग रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावला, खालच्या नळीला लावला.

"वर चटका, खाली गार. पाणी फिरंना."

"मिस्त्री, खरं सांगा," नर्मदाबाईंचा आवाज नकळत चढला. "गाडी तापते ना?"

"तापते, बाईसाब. त्यात खोटं न्हाई."

छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं त्यांना झालं. उन्हाळाभर आपण उगाच जळत राहिलो, याची लाजही वाटली. त्या चहाला वळल्या.

इंजिन निवल्यावर लिंबाजीनं रेडिएटरचं टोपण काढून आत बोट घातलं. पांढरी खपली बाहेर आली, बंबाच्या बुडाला बसते तशी, पण चांगली जाड. त्यानं आतलं पाणी वाटीत काढलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

"हे तुमच्या आडाचं न्हाई. कुठलं पाणी घालता, मालक?"

माणिकराव चाकाकडं बघत राहिले. "पिंगळीचं."

"मग तिथंच घोटाळा हाय. पयल्यांदा उन्हानं तापली आसंल. ते खारं पाणी घातलं, थर बसला, म्हणून परत तापली, परत तेच पाणी. त्यात डाळ शिजत नसंल. तोंडात धरवंना!"

"अमृत हाय म्हणं," दारातून नर्मदाबाई म्हणाल्या.

लिंबाजी हसला. "कोण म्हणतं?"

माणिकराव वाकून चाकावरची धूळ झटकू लागले.

त्यानं रेडिएटर उतरवून धुण्याच्या सोड्यानं साफ केला. पुढच्या खेपेला नर्मदाबाई घरच्या आडाची घागर मांडीवर घेऊन मोटारीत बसल्या. वाफ नाही, घरघर नाही. तरी कडुनिंब दिसला आणि मोटार हळू झाली, थांबली.

"आता कामून? तापली तर न्हाई."

"सवय," माणिकराव पुटपुटले.

दैवशाला पाणी शेंदूनच उभी होती. नर्मदाबाई उतरल्या, तिच्या हातून तांब्या घेतला आणि घटाघट प्यायल्या. जीभ आकसली.

"हळू, आक्का," दैवशाला ओशाळली. "लय खारं हाय. गुळाचा खडा देऊ? तुमच्या मालकांना किती येळा म्हणलं, पिऊ नगा. पर ते दोन-दोन तांबे पितेत."

नर्मदाबाईंनी तांब्या तिच्या हातात परत दिला. तिच्यावर रागावायला त्यांना काही सापडेना, आणि तेच जास्त झोंबलं. मोटारीत येऊन त्यांनी घागर दोघांच्या मधोमध ठेवली.

"चला."

शेत येईपर्यंत घागर हिंदकळत राहिली. माणिकरावांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, पण ती बाजूला सरकवायला त्यांचा हात काही उठला नाही.