कँटीनवरचा बहिष्कार

“झाकण घाल पातेल्यावर, कोंडीबा. आज कुणी प्यायचं न्हाय.”

मानसिंग काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. साचेखात्यात मागावर काम करणारा माणूस, गिरणीच्या युनियनचा सेक्रेटरी. त्याच्या मागं कँटीनच्या दारात पहिल्या पाळीचे कामगार जमले होते. चहाची सुट्टी झाली होती, पण उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकत नव्हतं.

“कशापायी?” कोंडीबानं विचारलं.

“बोनस. कंपनी हलंना झालीया. कँटीनवर बहिष्कार घातलाय.”

“आदी सांगायचं व्हतंस. दूध पडलंय की त्यात.”

“सांगून घालत्यात व्हय?” मानसिंग हसला. “तुला म्हाईत न्हाय? किती बहिष्कार बघितलंस तू.”

बघितले होते. या गिरणीत संपाच्या अलीकडची पायरी म्हणजे कँटीन. मागणी अडली की कामगार चहा सोडत. साचे चालू, पगार चालू. फक्त कंपनीच्या चहाला तोंड लावायचं नाही. केलेला सगळा चहा वाया जाई, तोटा कंपनीला लागे आणि वरपर्यंत निरोप पोचे. कोंडीबा कँटीनमध्ये कायम नोकर होता, तेव्हा अशा दिवशी तोही दारात उभा राहून घोषणा देत असे. त्याचं काही जात नसे.

चौऱ्याहत्तर सालच्या जूनमध्ये कंपनीनं कँटीन ठेक्यावर द्यायचं ठरवलं. लेबर ऑफिसरनं कोंडीबाला बोलावून घेतलं. राजीनामा द्या, हिशेब घ्या आणि तुम्हीच ठेका घ्या, नाहीतर नवी पेठेतला एक हॉटेलवाला तयार आहे. कोंडीबानं सही केली. शेगड्या त्याच राहिल्या, पातेली तीच, कुपनाचा दरही कंपनीनं ठरवलेलाच. दूध, साखर आणि कोळसा मात्र कोंडीबाचा झाला. वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून कांदा चिरणारा भीमा त्याचा रोजंदारीवरचा माणूस झाला. आता दिवाळी तोंडावर आली होती.

“मानसिंग, ह्यो चहा कंपनीचा न्हाय आता,” कोंडीबा म्हणाला. “माजा हाय.”

“मग तू कंपनीचा हायेस.”

दारातली माणसं खिदळली. “शेठला राग आला रं!”

“शेठ कुणाला म्हनतो? वर्गणी भरलीया मी युनियनची.”

“ती नोकर व्हतास तवाची,” मानसिंग म्हणाला आणि दाराकडे वळला.

भीमानं कमरेचं फडकं सोडलं. “आजचा रोज मिळंल न्हवं?”

“का न्हाय मिळनार?”

“न्हाय, इचारलं आपलं. पयलं कंपनी देत हुती.”

“आता मी दीन. बस तितं.”

थोड्या वेळानं लेबर ऑफिसर दोन कारकुनांना घेऊन आला. गर्दीनं वाट दिली. दारातून नीट दिसेल असं टेबल बघून तिघं बसले.

“कोंडीबा, तीन चहा. भजी असतील तर तीही आणा.”

कोंडीबा टेबलाशी गेला. आवाज खाली आणून म्हणाला, “साहेब, कायतरी बोला की त्येंच्याशी. दुधाचं पातेलंच्या पातेलं जातंय माजं.”

“कंपनीला काय त्याचं? पूर्वी बहिष्कार आम्हाला लागायचा. आता हवे तेवढे दिवस करू द्या त्यांना.” ऑफिसरनं चष्मा काढून रुमालानं पुसला. “तुम्ही चहा आणा. आज आम्ही तिघं प्यायलो, की दुपारपर्यंत तीस जण आत येतील. धंदा तुमचा आहे.”

त्यात खोटं काही नव्हतं. कोंडीबानं तीन कप भरले, ट्रेमध्ये ठेवले आणि निघाला. दारातली कुजबुज थांबली.

“दे, दे,” मागून कुणीतरी ओरडलं. “शेठनं साहेबाला पाजला म्हणून भितीवर लिवतो.”

कोंडीबा अर्ध्या वाटेत थांबला. मग ट्रे घेऊन मागं फिरला आणि तो काउंटरवर ठेवला.

“चहा न्हाय साहेब. बहिष्कार हाय.”

“कशावर?”

“कँटीनवर.”

“कँटीन तुमचं आहे.”

“व्हय.”

ऑफिसर उठला. “करारात कँटीन बंद ठेवायची सवलत नाही. रोज भट्टी पेटली पाहिजे. लक्षात असू द्या.”

तो बाहेर पडताच दारात शिट्ट्या वाजल्या. “शाब्बास रं कोंडीबा!” मानसिंगनं हात वर करून घोषणा दिली. चहा प्यायला आत कुणी आलं नाही.

रात्री शुक्रवार पेठेतल्या खोलीत त्याच्या बायकोनं, सारजाबाईनं, त्याच्यापुढं भाकरी ठेवली आणि समोर बसली.

“कुनाचा बहिष्कार म्हनायचा ह्यो? तुमचाच तुमच्यावर?”

“साहेबाला दिला असता तर लोकं काय म्हनली असती?”

“आता काय म्हनत्यात? शेठच म्हनत्यात न्हवं? मग शेठावानी वागा की.”

कोंडीबानं भाकरीचा तुकडा मोडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं भट्टी पेटवली, चहा केला, आणि तो तसाच निवला. तिसऱ्या दिवशी भीमाला येऊ नको म्हणून सांगितलं. भीमानं त्याच्याकडे नीट बघून घेतलं. “म्हंजी तूबी कंपनीच झालास की,” एवढं बोलून तो गेला. त्याच्या जागी सारजाबाई आली.

त्याच दुपारी तडजोड झाली. कंपनीनं बोनस वाढवला. कामगार आरडाओरडा करत कँटीनमध्ये घुसले. बाकं भरली. तीन दिवस रिकाम्या राहिलेल्या काउंटरवर कुपनं पडू लागली.

“दोन-दोन कप भरा शेठ!”

“वैनी, भजी येऊ द्या!”

मानसिंग पेढ्यांचा पुडा घेऊन फिरत होता. तो काउंटरशी आला तेव्हा कोंडीबानं ओगराळं खाली ठेवलं.

“मला किती बसतो बोनस?”

मानसिंगला आधी ती थट्टा वाटली. मग त्यानं हसू आवरलं. “तू कामगार न्हवंस की आता. ठेकेदाराला बोनस कसा मिळंल?”

“मग बहिष्कारात कसा धरलास मला?”

“तुला कुटं धरलं? कँटीनला धरलं.”

“आन त्या दिशी साहेबाला चहा न्हाय दिला, त्यो कँटीननं न्हाय दिला व्हय?”

“ते तू आपल्या मनानं केलंस. आमी सांगितलं व्हतं का?” मानसिंगनं पुड्यातला एक पेढा काउंटरवर ठेवला. “घे, तोंड गोड कर. सणासुदीला भांडू नये.” तो पुढच्या बाकाकडे गेला.

कोंडीबानं ओगराळं उचललं. मागतील त्यांना कप भरून दिले, कुपनं घेतली, साखर कमी म्हणणाऱ्याला वर साखर घातली. पाळी सुटली, माणसं गेली. सारजाबाई ओल्या फडक्यानं काउंटर पुसत आली आणि पेढ्यापाशी थांबली.

“टाका की त्यो. मुंग्या लागतील.”

“राहू दे. ज्यानं ठेवला त्यो उचलंल.”

सारजाबाईनं पेढ्याभोवतीनं फडकं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पाळी चहाला आली. पेढा तिथंच होता. गर्दी होती, काउंटरवर जागा कमी होती. प्रत्येकजण चहा संपवी आणि आपला रिकामा कप त्या पेढ्याला चुकवून ठेवी.