दाराला लटकलेली पिशवी

विमलाकाकूंच्या दाराच्या कडीला दुधाची कापडी पिशवी अजून लटकत होती. हर्षल आपल्या फ्लॅटला कुलूप लावून वळला आणि ती त्याला दिसली. दूधवाला पहाटेच येऊन जायचा. हर्षल निघेपर्यंत काकूंनी पिशवी आत घेतलेली असायचीच. दारं समोरासमोर असल्यानं त्याला ते पाठ झालं होतं. आज ऑफिसची वेळ झाली तरी पिशवी बाहेरच.

तो थांबला. हात बेलपर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला.

हा हात पूर्वी असा नव्हता. निफाडला त्याच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावून घेत नसे. दार बंद दिसलं की घरात भांडण, आजारपण नाहीतर मयत, असं सगळे धरून चालत. आणि काहीही असलं तरी आत शिरणं हे शेजाऱ्याचं कामच. "काय गं, जिती हायेस ना?" असं ओरडत त्याची आई शेजारणीच्या थेट स्वयंपाकघरापर्यंत जायची. त्याच सवयीनं, नाशिकला इंदिरानगरात राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी हर्षल घरच्या द्राक्षांची पेटी घेऊन काकूंच्या उघड्या दारातून सरळ आत गेला होता. आत काकूंची पुण्याहून आलेली मुलगी तृप्ती गाऊनवर, ओले केस पुसत उभी होती.

"बेल नावाची एक वस्तू असते," ती म्हणाली होती. "निफाडला पोचली नसेल अजून."

"असू दे गं," म्हणत काकूंनी द्राक्षं ठेवून घेतली, एक घड तिथंच धुऊन त्याच्या हातावर ठेवला. पण हर्षलच्या लक्षात राहिलं ते तृप्तीचं वाक्य. आधी फोन, मग भेट. बेल वाजवून दोन पावलं मागे सरकायचं. बोलण्यातून 'लय' गेलं, 'हाय' गेलं. वर्षभरात तो इतका सुधारला की ऑफिसात कुणी "तुम्ही मूळचे नाशिकचेच का?" असं विचारलं की बिनदिक्कत हो म्हणायचा.

काकू मुलीकडे गेल्या असतील. झोपल्या असतील. आपण कोण विचारणारे? तो जिना उतरून गेला.

हर्षल पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. एखादं रीडिंग वेगळं आलं तर ते तसंच सोडायचं नाही, पुन्हा घ्यायचं, हे तो नव्या मुलांना शिकवायचा. दुपारी डबा खाताना आईचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता पिशवीचा विषय निघाला.

"अन् तू तिथं काय करतोय मग?" आई म्हणाली.

"आई, इथं असं कुणाच्या घरात—"

"म्हातारी एकटी, पिशवी दाराला, अन् तू डबा खातोय! आरं, आपल्याकडं कुणाचं कुत्रं दिसलं नाय तरी लोक विचारतेत. ऊठ!"

त्यानं काकूंना फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. मग मात्र गाडी काढून तो सुटला.

पिशवी तिथंच होती. आतलं दुधाचं पाकीट फुगून टम्म झालं होतं. या वेळी बेलकडे हात गेलाच नाही. मुठींनी दार बडवत तो ओरडला, "काकू! ओ काकू! काय झालं हो?" गल्लीतला तो आवाज वर्षभरानं त्याच्या घशातून निघाला. वॉचमन गोरक्ष पहार घेऊन धावत वर आला. दोघांनी मिळून आतली कडी उखडली. काकू बाथरूमच्या दारात पडल्या होत्या. डोळे उघडे, ओठ कोरडे पडलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन होऊन काकू घरी आल्या, त्या संध्याकाळी तृप्तीनं त्याला बोलावून घेतलं. चहा दिला. मग ड्रॉवरमधून जादा चावी काढून त्याच्यापुढे धरली.

"तुम्ही नसता तर आई आज नसती. इथल्या कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. गावाकडची माणसं वेगळीच असतात हो," ती म्हणाली. "ही तुमच्याकडे राहू द्या. आणि यापुढे बेल-बिल काही नको, सरळ आत या."

हर्षलनं चावी घेतली नाही.

"ताई, पिशवी मला सकाळीच दिसली होती. ऑफिसला जाताना."

"मग?"

"बेलपर्यंत हात नेला."

"मग?"

"मग गेलो."

"का पण?"

कारण सांगता आलं असतं. ते याच घरात, हिच्याच तोंडून त्याला मिळालं होतं. पण वाक्य तिचं असलं तरी जिना उतरलेले पाय त्याचे होते. तो कपातल्या सायीकडे बघत राहिला.

"मला माहीत आहे," पलंगावरून काकू म्हणाल्या. "कुलूप लावलेलं ऐकू आलं. मग बूट दारापाशी थांबले. म्हटलं, आला हर्षल. हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "वाटलं, आता हा ओरडेल. तुझा आवाज केवढा मोठा होता रे, नवीन आलास तेव्हा."

तृप्तीनं चावी परत ड्रॉवरमध्ये टाकली. काकूंनी तिला अडवलं नाही. हर्षलनं चहा संपवला. तो तसाच टाकून उठणं त्याला तिथं बसण्याहून वाईट वाटलं.

काकू वॉकर धरून हिंडायला लागल्या आणि तृप्ती पुण्याला परत गेली. तेव्हापासून रोज निघताना हर्षल त्यांच्या दारापाशी उभा राहतो आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडतो, "काकू, उठल्या का हो?"

"अहो, बेल आहे की तिथे!" वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ एकदा वैतागून म्हणाले.

"हाय ना," हर्षल म्हणाला.

आतून उत्तर येतं, "उठले रे, जा आता." पण वॉकर सावरत दारापर्यंत येऊन ते द्यायला काकूंना वेळ लागतो. तेवढा वेळ हर्षल बूट जराही न हलवता उभा राहतो. आतून कुणीतरी ते ऐकत असणार, हे आता त्याला माहीत आहे.