इटालियन कैद्याची गिटार

१९९६ साली पुण्याहून बंगळुरात नोकरीला आलेल्या मल्हारला कळलं, की येलहंक्याच्या सावित्रीबाईंकडे युद्धकाळातली इटालियन गिटार आहे. ती विकत मागायला तो गेला आणि दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास बाईंनाच समजावू लागला.

"वाजवून दाखव," त्या म्हणाल्या.

"वाजवता येत नाही, आजी. हॉलमध्ये लावणार आहे."

"सरी, बरं, मग ने. आमच्या ह्यांनीही इथल्या युद्धकैद्यांच्या छावणीतल्या उपाशी इटालियन कैद्याकडून ती दोन पावांवर लाटली आणि जन्मभर खुंटीला टांगली. लोकांना सांगायचे, मित्राने भेट दिली."

मल्हार जरा घुटमळला. "पावांचं कुणाला सांगू नका. भेटच बरी वाटते."

पैसे न घेताच बाईंनी गिटार त्याच्या हातात कोंबली आणि दार लावून घेतलं.