राजा मोरीत गेला तेव्हा

वस्तीच्या कलाकेंद्राची संचालिका म्हणजे नुसतं मिरवायचं काम, असं लोकांना वाटे. ताईंचा दिवस मात्र खुर्च्या मांडण्यात, रुसलेल्या कलावंतांची मनधरणी करण्यात आणि गाण्याचा नि नाचाचा वर्ग शेजारच्या खोल्यांत येऊ नये हे पाहण्यात जाई. घरी त्या झोपण्यापुरत्या असत. शेवटी सासूबाईंनीच केंद्रात नाव घातलं. सून घरी भेटत नाही, निदान इथे तरी दिसेल, असं त्यांनी कारण सांगितलं.

त्या वर्षीच्या नाटकात सासूबाई राणी झाल्या. राजा झाला वस्तीतला प्लंबर, कारण त्याचा आवाज माइकशिवाय मागच्या रांगेपर्यंत जाई.

प्रयोग रंगात आला आणि रंगपटातल्या मोरीचा पाइप फुटला. पडद्याखालून पाणी थेट दरबारात आलं. राजाने ते पाहिलं, दरबार तात्पुरता बरखास्त केला आणि मुकुटासकट पान्हा शोधायला गेला.

ताई प्रयोग थांबवायला मंचावर आल्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सिंहासन रिकामं दिसतंय. बस."

ताई बसल्या. त्यांना एकही वाक्य पाठ नव्हतं. सासूबाईंनी पदर सावरला आणि संहितेत नसलेला प्रश्न टाकला.

"महाराज, आपण महाली कधी येता?"

"काम संपलं की."

"आणि काम कधी संपतं?"

प्रेक्षक हसले. ताईंना हसू आलं नाही. इतकी वर्षं ओट्याशी, दाराशी, फोनवर हा प्रश्न त्यांनी टोलवला होता. इथे पळायला विंगेतही पाणी होतं.

"संपत नाही," त्या म्हणाल्या. "मीच संपू देत नाही, आई."

राणीला 'आई' म्हणणारा राजा पाहून प्रेक्षक आधी बुचकळ्यात पडले. मग टाळ्या पडल्या. तेवढ्यात खरा राजा ओलाचिंब परतला आणि ताई उठल्या.

केंद्राच्या अध्यक्षांना हा प्रवेश फार धाडसी वाटला. तो पुढच्या प्रयोगांतही ठेवावा, असं त्यांनी सांगितलं. तालमी सोमवारी संध्याकाळी ठरल्या. ताईंचं पात्र आता प्लंबरच करणार होता, त्यामुळे त्यांची गरज नव्हती आणि तालमीचा वार त्यांना कुणी कळवलाही नाही.

ताईंनीही मनाशी काही ठरवलं होतं. सोमवारी त्यांनी केंद्र नृत्यशिक्षिकेवर सोपवलं आणि उजेड असतानाच घरी आल्या. चहा टाकला, दोन कप काढले, हाक मारली.

सासूबाई तालमीला गेल्या होत्या.

ताईंनी एक कप परत ठेवला आणि भाजी चिरायला घेतली.