टीव्हीमागच्या डबीतला नंबर

दुपारी साडेतीनला टिटवीचा फोन आला, तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर चष्मा पुसत बसले होते.

"काय सात नंबर, हरायची तयारी झाली का?"

टिटवी म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधली माझी मैत्रीण. चौकशीच्या टेबलावर आम्ही एकवीस वर्षं शेजारी बसलो, ती सहा नंबरच्या खुर्चीवर आणि मी सातच्या. तिचा आवाज इतका टिपेचा की मधली तार तुटली असती तरी गिऱ्हाइकाला ऐकू गेला असता. चौकशीचं काम असं : लोक फोन करून म्हणायचे, पुलापलीकडच्या बेकरीचा नंबर द्या, आणि आम्ही तो सांगायचो. नाव घ्यायचं, नंबर द्यायचा. दिवसाला चारशे-पाचशे वेळा. नंबर मिळाला की माणूस फोन ठेवून मोकळा. तो सांगितला कुणी, हे कुणी कधी विचारलं नाही.

आता आमचं निवृत्त मंडळींचं एक मंडळ आहे. त्याच्या वेबसाइटवर वर्षातून एकदा स्पर्धा होते. त्या काळातले वीस नंबर विचारतात, दर मिनिटाला एक, आणि ज्याने त्याने आपापल्या घरून टाइप करायचे. प्रश्न काढतात आमच्या मुख्य बाई. त्यांनी नव्वदी ओलांडली आहे, पण आजही त्यांचा फोन आला की मी पदर सारखा करते. गेली तीन वर्षं टिटवी पहिली येत होती. बक्षीस म्हणून आजवर पेन मिळायचं, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

या वर्षी बक्षीस होतं एक हेडसेट. जुन्या इमारतीचं सामान काढताना एका कपाटात सापडलेला, काळा, जड, डाव्या कानाच्या गोल चकतीवर टवका उडालेला. तो टवका माझ्या हातून उडाला होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हेडसेट डोक्यावर ठेवूनच मी चहाला उठले, वायरीने मला मागे ओढलं आणि हेडसेट खाली आपटला. म्हणजे हेडसेट माझा होता. एकवीस वर्षं माझ्या कानाला लागून होता.

"टिटवे, तुला माहितेय तो माझा आहे," मी म्हटलं.

"मग जिंक की! चारला सुरू होतंय. मी तर कधीची साइट उघडून बसलेय. निळं पान, मोठं घड्याळ. छान केलंय हो या वेळी."

"निळं? माझं तर हिरवं आहे."

"हिरवं गेल्या वर्षी होतं."

मी पडद्याकडे नीट पाहिलं. हिरवं पान, वर गेल्या वर्षीची तारीख आणि खाली ठळक अक्षरांत टिटवीचं नाव, 'प्रथम क्रमांक'. म्हणजे माझा कॉम्प्युटर मला गेल्या वर्षीचाच पराभव पुन्हा दाखवत होता. मी पान बंद करून उघडलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी टिटवी पहिली.

"अगं, फोनवरून बघ," टिटवी म्हणाली.

"माझा फोन बटणांचा आहे."

"मग बाई, हेडसेटचा फोटो पाठवेन तुला," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी भाचीला फोन लावला. ती ग्रंथालयातले सगळे कॉम्प्युटर सांभाळते. माझ्या घरचा कॉम्प्युटर तिच्या काकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, स्वतः जोडलेला आणि त्यावर लिनक्स नावाची प्रणाली घातलेली. ते जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून काही अडलं की मी तिलाच पिडते.

"मावशी, साइट नवीन जागी हलवलीय असेल," ती म्हणाली. "थांब, मी उघडते. हं, माझ्याकडे निळं आलं. आता तू ती आज्ञा लिहायची काळी खिडकी उघड आणि मी सांगते ते लिही."

काळी खिडकी मला उघडता येते. ह्यांनी शिकवलं होतं. भाचीने एकेक अक्षर सांगितलं, मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहिलं, सवयच ती. उत्तरादाखल एक लांबलचक नंबर आला. मी वाचून दाखवला.

"बघ, तुझ्याकडे शेवटी चौदा येतंय, माझ्याकडे एकसष्ट. साइटचं नाव एकच, पण तुझ्या कॉम्प्युटरला कुणीतरी जुना नंबर सांगतंय."

मी खुर्चीत सरळ झाले. हा तर आमचाच विषय निघाला!

"म्हणजे कॉम्प्युटरचंसुद्धा चौकशीचं टेबल असतं?"

"असतंच. डीएनएस सर्व्हर म्हणतात त्याला. तू साइटचं नाव टाकतेस, तो नंबर शोधून देतो. आता तुझं मशीन कुठल्या सर्व्हरला विचारतं ते बघायचं."

घड्याळात पावणेचारला पाच कमी होते. तिने मला एक फाइल वाचायला लावली, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ नावाची. त्यात एक ओळ होती : नेमसर्व्हर, आणि पुढे एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, त्रेपन्न.

"सापडला चोर," मी म्हटलं. "कुठे असतो हा एकशे सत्तावीस?"

भाची हसली. "तुझ्या टेबलावर. तो नंबर म्हणजे तुझाच कॉम्प्युटर."

"म्हणजे तो स्वतःलाच विचारतो?"

"आत एक मदतनीस बसलाय, त्याला विचारतो. मदतनिसाला स्वतःला काही माहीत नसतं. तो बाहेर कुणाला तरी विचारून येतो आणि आपणच सांगितल्यासारखं सांगतो."

असे मदतनीस मी खूप पाहिलेत. आठ नंबरच्या खुर्चीवर एक होता. कुणी नंबर विचारला की "एक क्षण" म्हणायचा, माझ्या खांद्यावर हळूच टिचकी मारायचा आणि मग रुबाबात सांगायचा. बढती त्यालाच आधी मिळाली.

"मग तो कुणाला विचारतो, ते कसं कळणार?"

"लिही. रिझॉल्व्हसीटीएल, एक जागा सोड, स्टेटस."

लिहिलं. भराभर ओळी आल्या. 'करंट डीएनएस सर्व्हर' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच.

भाची म्हणाली, "शेवटी एक असता तर तो तुझा राउटर. पाच म्हणजे... मावशी, हे तुझ्या घरातलंच काहीतरी आहे. घरात अजून एखादं मशीन आहे का? छोटंसं? काकांनी लावलेलं?"

मी उठले. टीव्हीच्या मागे साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी आहे. तिच्यात हिरवा दिवा लुकलुकतो. चार वर्षं मी तिच्यावरची धूळ पुसते आहे, आणि ती दाराच्या घंटीची आहे अशी माझी समजूत होती. डबी उलटी केली तर खाली कागदाची पट्टी चिकटवलेली, ह्यांच्या टोकदार अक्षरांत : 'नावांची वही. पाच.' आणि त्याखाली पासवर्ड.

"पासवर्ड चिकटवून ठेवलाय?" भाची किंचाळली. "आमच्या ग्रंथालयात असं कुणी केलं तर मी त्याला उन्हात उभा करीन!"

पण हे एक्स्चेंजमध्ये वायरिंग बघायचे. वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. लग्नात त्यांनी माझ्या ट्रंकेलाही चिठ्ठी लावली होती.

"बरं, ऐक," भाची म्हणाली. "दहा मिनिटं राहिलीत. त्या डबीला बाजूला ठेवू. कॉम्प्युटरला सांगू की थेट बाहेरच्या सर्व्हरला विचार. एक ओळ लिहायची, झालं. डबीचं मी रविवारी येऊन बघते."

सरळ सल्ला होता. कुणीही शहाण्याने ऐकला असता. पण चुकीचा नंबर कुठेतरी लिहिलेला आहे हे कळल्यावर तो तसाच ठेवून उठायचं, हे मला या जन्मी जमणार नाही. त्यालाही कारण आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक खासगी वही ठेवली होती. सक्त मनाई होती त्याला. सगळे नंबर मोठ्या रजिस्टरमधूनच बघायचे, कारण बदल झाला की तिथेच होतो. पण रजिस्टरपर्यंत चार पावलं चालावं लागे, म्हणून नेहमी लागणारे नंबर मी वहीत उतरवून घेतले. पुढे दंतवैद्याचा नंबर बदलला आणि जुना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना मिळाला. माझ्या वहीत जुनाच. दोन आठवडे मी दाढ धरून बसलेल्या माणसांना त्या बाईंच्या घरी धाडत होते. बिचारीने आधी सगळ्यांना समजावून सांगितलं. मग वैतागून "मिठाच्या पाण्याने गुळण्या करा" असं सांगायला लागली. गंमत म्हणजे काहींना बरं वाटलं आणि त्यांनी आभाराचे फोन केले, तेही तिलाच.

मुख्य बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी वहीतला नंबर रबराने पुसायला लागले, तर त्यांनी हात धरला. "पुसायचं नाही. लाल शाईने एक रेघ. खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, म्हणजे चूक कुठली ते लक्षात राहतं." वही जप्त झाली. तेव्हा कोपऱ्यात शिडीवर चढून वायर जोडणारा एक तरुण इतका हसला की पक्कड खाली पडली. पुढे त्याच्याशीच मी लग्न केलं. पण ती वही त्याने मला आयुष्यभर ऐकवली. किराण्याची यादी लिहायला घेतली तरी "खासगी वही का?" म्हणून विचारायचा.

"डबी उघडायची," मी भाचीला म्हटलं.

"मावशी, चारला सात कमी आहेत!"

"मग बोलण्यात वेळ घालवू नकोस."

तिने सुस्कारा टाकला आणि अक्षरं सांगायला लागली. पट्टीवरचा पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर पडला. आणि पडद्यावर ह्यांची वही उघडली. घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव आणि समोर नंबर. राउटरचं नाव 'मुख्य बाई'. करकर आवाज करणाऱ्या प्रिंटरचं नाव 'टिटवी'. आणि सगळ्यात खाली, आमच्या मंडळाच्या साइटचं नाव, शेवटी चौदा असलेला नंबर, आणि वर दोन ओळी :

'ही साइट कधीकधी लवकर सापडत नाही आणि ही चिडते. म्हणून नंबर इथेच लिहून ठेवला. हिला सांगायचं नाही.'

मी मोठ्याने हसले. फोनच्या पलीकडे भाचीला कळेना. मला आयुष्यभर ज्या वहीवरून टोचलं, अगदी तसलीच वही टीव्हीमागे लपवून ठेवली होती. चोरीही तीच, चूकही तीच. हे असते तर मी त्यांना सहा महिने तरी सोडलं नसतं.

"ती ओळ पुसून टाक," भाची म्हणाली. "कर्सर शेवटी ने आणि—"

"पुसायची नाही. खोडायची सोय आहे का? ओळ दिसली पाहिजे, पण चालली नाही पाहिजे."

"आहे. ओळीच्या सुरुवातीला ती जाळीसारखी खूण दे, दोन आडव्या दोन उभ्या रेघा. मग कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही."

खूण दिली. जतन केलं. भाचीने डबीतली सेवा पुन्हा सुरू करायला लावली, मग माझ्या कॉम्प्युटरमधल्या मदतनिसाला जुनं सगळं विसरायला लावलं. साइटचं नाव टाकलं. निळं पान. मोठं घड्याळ. चार वाजून तीन मिनिटं आणि समोर चौथा प्रश्न.

"तीन गेले, मावशी."

"फोन ठेव आता, पोरी."

पुढची सोळा मिनिटं मी कुठे होते ते विचारू नका. बेकरी, अग्निशमन, घड्याळदुरुस्ती, पुलाजवळची खानावळ. नाव दिसलं की बोटं आपोआप नंबर मारत होती, जणू मधली पस्तीस वर्षं कुणी खूण देऊन बाजूला ठेवली होती. एकोणिसाव्या प्रश्नानंतर पडद्यावर गुण आले. माझे सोळापैकी सोळा. टिटवीचे एकोणिसांपैकी सोळा. तिने तीन चुकवले होते, देव तिचं भलं करो.

विसावा प्रश्न आला : 'दंतवैद्य. बदलण्याआधीचा नंबर.'

मुख्य बाई काही विसरल्या नव्हत्या. नव्वदीतही त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. लाल रेघेखालचे चार आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. मी लिहिलं, दोन सात एक चार, आणि हात मांडीवर ठेवले.

टिटवीने नवा नंबर लिहिला. तिच्या रजिस्टरमध्ये जुना कधी राहिलाच नव्हता. नियमाने काम करणारी बाई ती.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. मी उचलायच्या आत मला कळलं कोण आहे ते.

"हॅलो," टिटवी म्हणाली, आवाज शक्य तेवढा बारीक करून, "दंतवैद्य आहेत का? माझे दात घशात गेलेत हो."

मी पाठ ताठ केली. सात नंबरच्या खुर्चीवर बसायचे तशी.

"मिठाच्या पाण्याने गुळण्या करा," मी म्हटलं.