वहिनींच्या दाढेची कॅप

दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबमध्ये त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत. त्याच्या हातची धातूची कॅप अशी लखलखायची की तिच्यात बघून खुशाल भांग पाडावा. या कौतुकानं गडी जरा शेफारलाच होता. त्यात वहिनींच्या दाढेची कॅप हाती आली, मग काय विचारता! घरचं काम म्हणून रबरी चाकावर त्यानं ती घास घास घासली. काठाशी हात आवरायचा असतो, तिथंही आवरला नाही. मग प्लास्टरच्या दातावर चढवून त्यानं काठावरून सुई फिरवली, तर टोक फटीत अडकलं. काठ केसभर आखूड झाला होता.

तिथंच ती बाद करून नवी ओतायला हवी होती. पण एवढी चकाकी टाकवेना. ‘सिमेंट भरून काढेल’ अशी स्वतःची समजूत घालून त्यानं कॅप दवाखान्यात पाठवली. डॉक्टरीणबाईंनीही लॅबवर विसंबून ती बसवली.

वर्षभरात त्या फटीतलं सिमेंट झिजलं, दाढ आतून किडली आणि शेवटी काढावी लागली. वहिनी सुजलेला गाल धरून शेजारीपाजारी सांगत सुटल्या, “त्या बाईला धड कॅप बसवता येत नाही. आमच्या भाऊजींनी एवढी सुंदर करून दिली होती!”

हे रोज त्याच्या कानावर येत होतं. चूक केल्याची लाज होतीच, पण दाढ काढल्यापासून आठवडाभर मूग गिळून बसल्याची लाज त्याहून मोठी होती. शेवटी एकदा जेवता जेवता ताट बाजूला सारून तो म्हणाला, “वहिनी, डॉक्टरांचं काही चुकलं नाही. काठ मी जास्त घासला. मला दिसलंही होतं, तरी पाठवली. माझ्यामुळं तुमची दाढ गेली.”

आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून तो खाली मान घालून बसला.

“दाढेचं जाऊ द्या हो,” वहिनी म्हणाल्या. “दाढ काढताना ती डॉक्टरीण माझी माफी मागत होती, भाऊजी. आणि मी तिला भरल्या दवाखान्यात नाही नाही ते बोलले. चार घरांना तिच्याकडं जाऊ नका म्हणून सांगून आले.”

त्यांनी पायात चपला सरकवल्या.

“उठा. आधी तिच्याकडं जाऊ. मग त्या चारही घरी. सांगायचं तुम्ही, मी शेजारी उभी राहते.”